ताई, वाइनच्या तळाशी गाळ आहे, फेकू का?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा. "ताई, इटलीहून फेसाळ व्हाइट वाइन आणली, तळाशी पांढरट गाळ बसलाय. खराब झाली का?" नाही हो, नाही झाली!

मूळ गोष्ट पटकन उरकते. कमी फेसाळ वाइनला इटलीत 'फ्रिझांते' म्हणतात. बाटलीतला दाब १ ते २.५ बार. शॅम्पेनमध्ये तो ५-६ बार असतो, तेव्हा कृपा करून हिला शॅम्पेन म्हणू नका. तयार वाइनमध्ये थोडी साखर किंवा राखून ठेवलेला द्राक्षरस आणि यीस्ट घालायचं, बाटलीला बिअरसारखा पत्र्याचा बिल्ला ठोकायचा. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखरेतून १ बार दाब तयार होतो. यीस्ट साखर खातं, वायू सोडतं, त्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. झालं.

आता गाळ. काम संपलेलं यीस्ट तळाशी बसतं, तोच हा साका. शॅम्पेनवाले तो बाटलीच्या तोंडाशी आणून, गोठवून बाहेर उडवतात. हे लोक ठेवतात. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात अशा वाइनला 'कोल फोंदो' म्हणतात, म्हणजे 'तळासकट'. अहो, नावातच सांगितलंय!

माझी लाडकी मात्र मार्के प्रांतातली, एड्रियाटिक समुद्रकिनाऱ्याकडच्या टेकड्यांवरची. द्राक्ष वेर्दिक्किओ, 'वेर्दे' म्हणजे हिरवा. मुळातच चांगली आंबट, त्यामुळे माशांबरोबर झकास. तिथल्या अंकोना बंदरात 'ब्रोदेत्तो' नावाचं कालवण करतात, परंपरेने १३ प्रकारचे मासे घालून. तेरा! आमच्याकडे दोन प्रकारचे मासे एका पातेल्यात घातले तर आई भुवया उंचावते.

हां, तर साका. माझ्या भावाने काय केलं माहितीये? बाटली चहाच्या गाळणीतून गाळली. गाळणीतून साका गेलाच, फेस तेवढा उडाला. जगातली सगळ्यात महाग सपक वाइन आम्ही त्या दिवशी प्यायलो.

आणि तो साका नुसता पडून नसतो. आत शिरलेला ऑक्सिजन तो शोषून घेतो, वाइनला जपतो. हळूहळू विरघळत पावासारखा वास देतो. तुम्ही फेकताय ते वाइनचं राखणदार आहे.

तरी पटत नसेल तर ताक आठवा. कुणी निवळ वेगळी काढतं, कुणी ढवळून पितं. खराब कुणीच म्हणत नाही. इथेही तसंच. निवळ हवी असेल तर बाटली एक दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि हलक्या हाताने ओता. गढूळ हवी असेल तर उघडण्याआधी बाटली एकदाच, सावकाश उलटी करून सरळ करा. हलवायची नाही! हलवलीत तर अर्धी छताला. मी काय करते? पहिला ग्लास निवळ, शेवटचा साक्यासकट. एकाच बाटलीत दोन वाइन.

"ताई, तो उंच, अरुंद फ्लूट ग्लासच लागतो का?" नाही, साधा वाइनचा ग्लास घ्या, वास तरी येईल.

आणि ज्या दादांनी विचारलंय, "बर्फ आणि थम्सअप घालून चालेल का?" दादा, तुमची कमेंट मी वाचलेलीच नाही.