नकाशातला माळा

श्रोतेहो, नमस्कार.

नकाशावर 'माळा' लिहायचं आणि वर खुशाल संसार थाटायचा, ही युक्ती सांगलीकरांना शिकवायला नको. आज ज्या घराची गोष्ट सांगणार आहे, तेही असंच उभं राहिलं. फक्त ते आहे नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात, आणि साल १९२४.

घरमालकीण ट्रूस श्रोडर. वकील नवरा आदल्याच वर्षी वारलेला, पदरी तीन मुलं. बाईंनी बोलावलं गेरिट रिटफेल्ट यांना. हा गडी मुळात सुतार, वडिलांच्या कारखान्यात रंधा मारत वाढलेला. अख्खं घर असं तोवर एकही बांधलेलं नव्हतं. बाईंचा हट्ट एकच: मुलं मोठ्यांच्या बोलण्यात वाढली पाहिजेत, मधे भिंती नकोत.

पण नियमाला खोल्या हव्यात! मग खालच्या मजल्यावर रीतसर खोल्या दाखवल्या आणि वरचा मजला कागदावर माळा झाला.

आपल्या गणपती पेठेतली जुनी दुकानं आठवा. रात्री चौकटीच्या खाचेत एकेक फळी सरकवली की दुकान बंद. या माळ्यावर तोच प्रकार. दिवसा जिन्याभोवती एकच मोकळं दालन. रात्री पडद्या सरकवल्या की ज्याची त्याची खोली. सुताराच्या डोक्यातूनच निघावं असं हे घर.

जेवणाच्या टेबलाजवळच्या कोपऱ्यात तर खांबच नाही. तिथल्या दोन्ही खिडक्या उघडल्या की घराचा कोपराच नाहीसा होतो, आणि ताटावर बसलेला माणूस थेट बाहेरच्या हवेत!

पांढऱ्या-करड्या भिंती, लाल, निळ्या, पिवळ्या पट्ट्या. फोटो बघून सगळे म्हणतात, काँक्रीट. छे! भिंती विटांच्या, वर गिलावा. काँक्रीट पायात आणि गॅलऱ्यांत तेवढं. २००० साली युनेस्कोने हे घर जागतिक वारशात घेतलं, ते ठीकच.

आमच्या काकूंची हयात गावभागातल्या वाड्यात गेली. त्यांना फोटो दाखवले. बराच वेळ बघून म्हणाल्या, "सगळं छान आहे रे, पण रोज रात्री त्या फळ्या ओढायच्या कुणी?"

ट्रूसबाई त्याच घरात राहिल्या, १९८५ मध्ये जाईपर्यंत.