लेस्टर नको, असे सांगणारी जाहिरात

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दोन समाजांची तुलना हा आजच्या भाषणाचा विषय आहे. पहिला समाज पूर्व आफ्रिकेतून, विशेषतः युगांडातून, तेथे गेलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांचा. त्यांत बहुसंख्य गुजराती. दुसरा समाज आजच्या बांगलादेशातील सिल्हेट भागातून गेलेल्या बंगाली मुसलमानांचा. दोघांची मुळे एकाच उपखंडातली, दोघांनाही ब्रिटनची वाट ब्रिटिश साम्राज्यानेच दाखवली, आणि वर्णद्वेष दोघांच्याही वाट्याला आला. तरीही आज पहिल्या समाजाची गणना ब्रिटनमधील सुस्थित गटांत होते, तर दुसऱ्या समाजातील दारिद्र्याचे प्रमाण देशातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. ‘गुजराती माणूस व्यापार आईच्या पोटातूनच शिकून येतो’ असे म्हणून आपल्याकडे हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढला जातो. मला ते उत्तर पटत नाही. माझ्या मते येथे तीनच गोष्टी पाहाव्या लागतात: कोण निघाले, कोणाला बरोबर घेऊन निघाले आणि कोठे जाऊन उतरले. त्यासाठी आपल्याला १९७२ सालच्या कंपाला शहरात जावे लागेल.

युगांडात जानेवारी १९७१ मध्ये लष्करी उठाव करून इदी अमीन सत्तेवर आला. ऑगस्ट १९७२ च्या सुरुवातीस त्याने जाहीर केले की देशातील आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. या लोकांच्या हाती युगांडाच्या व्यापाराचा फार मोठा हिस्सा होता. साखर कारखाने, कापसाच्या जिनिंग गिरण्या, घाऊक आणि किरकोळ दुकाने त्यांची होती. शाळांतले शिक्षक, दवाखान्यांतले डॉक्टर आणि कचेऱ्यांतले कारकूनही मोठ्या संख्येने त्यांच्यातलेच होते. या लोकांविषयी एक गैरसमज पुन्हा पुन्हा ऐकू येतो, की हे सारे युगांडा रेल्वे बांधणाऱ्या मजुरांचे वंशज होते. ती रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली आणि तिच्यासाठी सुमारे बत्तीस हजार मजूर प्रामुख्याने पंजाबातून नेले गेले हे खरे; परंतु त्यांतले बहुतेक करार संपताच परत आले. १९७२ मध्ये युगांडात दिसणारा समाज मुख्यतः त्यानंतर स्वखर्चाने गेलेल्या दुकानदारांचा आणि त्यांच्या नातलगांचा होता.

नव्वद दिवस म्हणजे घर, दुकान, गोदाम, सारे सोडून जाण्याची मुदत. दर कुटुंबाला सुमारे पन्नास पौंडांएवढीच रोकड बाहेर नेता येत होती. एंटेबेच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जागोजागी सैनिकांच्या चौक्या होत्या, आणि बायकांच्या अंगावरचे दागिने त्या चौक्यांवर उतरवून घेतले जात. ज्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होते त्यांची जबाबदारी ब्रिटनवर येत होती. ब्रिटनने १९६८ मध्येच कायदा करून, केनियातून येणाऱ्या अशाच पासपोर्टधारकांना अडवण्याची सोय करून ठेवली होती. पासपोर्ट स्वतःच द्यायचा आणि तो दाखवून कोणी दाराशी आले की दार लोटायचे, हा प्रकार मला त्या साम्राज्याच्या अनेक अपराधांइतकाच लाजिरवाणा वाटतो. या वेळी मात्र पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी जबाबदारी नाकारली नाही. विरोध कमी नव्हता. लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजारातील हमालांनी ऑगस्टमध्येच या लोकांच्या येण्याविरुद्ध मोर्चा काढला होता. तरीही सरकारने युगांडा पुनर्वसन मंडळ नेमले, रिकाम्या लष्करी तळांवर सोळा छावण्या उघडल्या, आणि १८ सप्टेंबर १९७२ रोजी पहिले विमान स्टॅन्स्टेड विमानतळावर उतरले.

आता त्या जाहिरातीकडे येतो. पहिले विमान उतरण्याच्या तीन दिवस आधी, १५ सप्टेंबर रोजी, कंपालातल्या ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात एक जाहिरात छापून आली. ती दिली होती इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नगर परिषदेने. श्रोतेहो, सर्वसाधारणपणे एखादे शहर परदेशी वृत्तपत्रात जाहिरात देते ती पाहुण्यांना बोलावण्यासाठी. ही जाहिरात ‘येऊ नका’ असे सांगण्यासाठी होती. तीत म्हटले होते की आपण लेस्टरला येण्याचा विचार करत असाल, तर पूर्वी येऊन राहिलेल्यांना जी परिस्थिती लाभली ती आता उरलेली नाही. परिषदेच्या घरांसाठी हजारो कुटुंबे प्रतीक्षायादीत आहेत. शेकडो मुले शाळेतल्या जागेसाठी थांबली आहेत. आरोग्यसेवा आणि समाजसेवा यांवर आताच कमाल ताण आहे. शेवटी सल्ला होता, की स्वतःच्या आणि आपल्या कुटुंबाच्या हितासाठी पुनर्वसन मंडळाचे ऐका आणि लेस्टरला येऊ नका.

या जाहिरातीमागे निव्वळ द्वेष होता असे मी म्हणणार नाही. केनियातून आलेली बरीच कुटुंबे १९६८ पासून लेस्टरमध्ये राहत होती आणि घरांची प्रतीक्षायादी खरोखरच लांब होती. शिवाय परिषद मजूर पक्षाच्या ताब्यात होती, म्हणजे कामगारांच्या बाजूने बोलणारे लोकच ही जाहिरात देत होते. माझा आक्षेप वेगळा आहे. नगर परिषदेने येणाऱ्या माणसांचा हिशेब केवळ खर्चाच्या रकान्यात मांडला; ही माणसे काही कमावतील, कर भरतील, बंद पडलेली दुकाने उघडतील, हा जमेचा रकाना त्यांनी कोराच ठेवला. प्रशासनाला माणसे मोजता येतात, माणसांचे कसब मोजता येत नाही. हे मी केवळ लेस्टरविषयी बोलत नाही, पण तो विषय आज नको.

मग झाले काय? कंपालात, जिंजात ज्यांनी लेस्टर हे नाव कधी ऐकलेही नव्हते, त्यांनाही ते या जाहिरातीमुळे कळले. एखाद्या शहरात आपली माणसे इतकी आहेत की तेथली परिषद घाबरली आहे, असा तिचा अर्थ लोकांनी लावला, आणि तो बरोबरच होता. पुनर्वसन मंडळाने ब्रिटनचे लाल आणि हिरवे असे भाग पाडले होते. जेथे आशियाई लोक आधीच पुष्कळ होते ते भाग लाल, जेथे जावे असे मंडळाला वाटे ते हिरवे. लेस्टर लाल भागात होते. ब्रिटनमध्ये आलेल्या सुमारे अठ्ठावीस हजार लोकांपैकी कित्येकांनी छावणीतून बाहेर पडताच हिरव्या भागांकडे पाठ फिरवली आणि लाल भागांची वाट धरली. लेस्टरमध्ये पाच-सहा हजार लोक आले.

आणि लेस्टरमध्ये त्यांना मिळाले काय, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या शहरात होजिअरीचे आणि बुटांचे असंख्य लहानमोठे कारखाने होते आणि त्या कारखान्यांत बायकांना काम मिळत असे. कंपालात गल्ल्यावर बसलेली किंवा घर सांभाळणारी स्त्री लेस्टरमध्ये शिलाई यंत्रावर बसली. नवरा एका पाळीत, बायको दुसऱ्या पाळीत, असे घरात दोन पगार येऊ लागले. बेलग्रेव्ह रस्त्याच्या आसपासची जुनी, एकाला एक लागून असलेली घरे स्वस्त होती, कारण तेथले गोरे रहिवासी उपनगरांकडे निघाले होते. दोन पगारांतून त्या घरांचे हप्ते भरता येऊ लागले. घर झाले, मग रस्त्यावर एखादे बंद दुकान घेतले. आज त्याच रस्त्यावर साड्यांची आणि दागिन्यांची दुकाने एकाला लागून एक आहेत, आणि तेथील दिवाळी भारताबाहेरच्या सर्वांत मोठ्या दिवाळ्यांपैकी एक मानली जाते. २०२१ च्या जनगणनेत लेस्टरच्या लोकसंख्येत आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण सुमारे त्रेचाळीस टक्के होते, गोऱ्या लोकांपेक्षा थोडे अधिक.

हे सारे सुखासुखी झाले असे समजू नका. १९७४ मध्ये लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर कारखान्यात पूर्व आफ्रिकेतून आलेल्या शेकडो कामगारांनी बोनसच्या प्रश्नावर संप केला. त्यांच्या स्वतःच्या कामगार संघटनेने त्यांना पाठिंबा दिला नाही, आणि पुढच्याच वर्षी कारखाना बंद झाला. डॉक्टरांना आणि शिक्षकांना आपल्या पात्रतेखालची कामे वर्षानुवर्षे करावी लागली.

आता मघाचे तीन प्रश्न पुन्हा विचारू. कोण निघाले? इंग्रजी माध्यमात शिकलेले, हिशेब ठेवणारे, शहरात राहिलेले लोक. कोणाला बरोबर घेऊन निघाले? आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सारे कुटुंब, एकाच वेळी. कोठे उतरले? जेथे बायकांनाही काम होते आणि घर विकत घेणे परवडत होते, अशा शहरात. त्यांचे खिसे रिकामे होते, पण शिक्षण, धंद्याची सवय आणि नात्यागोत्याची पत यांवर कोणत्याही चौकीवरच्या सैनिकाला हात टाकता आला नाही. आणखी एक गोष्ट: परतीची वाट बंद झाल्यामुळे मिळवलेला प्रत्येक पौंड ब्रिटनमध्येच गुंतवला गेला.

सिल्हेटची कथा या प्रत्येक मुद्द्यावर उलट आहे. सिल्हेटचे तरुण कलकत्ता बंदरातून ब्रिटिश आगबोटींवर खलाशी म्हणून जात. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपल्याच गावची माणसे बोटीवर घेई, आणि इंजिनाच्या तळघरात कोळसा ओढणारे हे खलाशी लंडनच्या गोदीत उतरून तेथेच राहत. त्यांच्या मागोमाग १९५० आणि १९६० च्या दशकांत गावोगावचे पुरुष आले. सिल्हेटमध्ये अशा माणसाला आजही ‘लंडनी’ म्हणतात. हे पुरुष लहान शेतकरी घरांतले, इंग्रजी न शिकलेले आणि एकटे होते. चार वर्षे राबायचे, पैसे गावी पाठवायचे, शेत आणि पक्के घर घ्यायचे आणि परतायचे, असा त्यांचा बेत असे. त्यामुळे मिळकत सिल्हेटमध्ये गुंतली आणि लंडनमध्ये भाड्याची खोली तेवढी राहिली. बायकामुले आली ती पुष्कळ उशिरा, मोठ्या संख्येने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९८० च्या दशकात. म्हणजे कित्येक मुले दहाव्या-बाराव्या वर्षी, इंग्रजीचा गंध नसताना, लंडनच्या शाळेत जाऊन बसली.

ती उतरली कोठे? पूर्व लंडनमधल्या टॉवर हॅम्लेट्स भागात, आणि तेथील गोद्या नेमक्या त्याच काळात, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८१ पर्यंत, एकामागून एक बंद होत गेल्या. पुरुषांना कातडी कोट शिवणाऱ्या कोंदट कारखान्यांत किंवा उपाहारगृहांत काम मिळाले. बायका घरी बसून नगावर शिवणकाम करू लागल्या, आणि नगावरच्या मजुरीतून घराचा हप्ता भरता येत नसतो. परिषदेची घरेही सहज मिळेनात, म्हणून १९७६ मध्ये बंगाली कुटुंबांनी घरांसाठी कृती समिती स्थापन केली आणि रिकाम्या इमारतींत मुक्काम ठोकला. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या तरुण कापड कामगाराचा वर्णद्वेषातून खून झाला. त्यानंतर हजारो लोक त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रिटनमध्ये ‘इंडियन रेस्टॉरंट’ अशी पाटी लावलेल्या उपाहारगृहांपैकी फार मोठा भाग या सिल्हेटी लोकांनी चालवला आहे. नाव आपले आणि घाम त्यांचा. या धंद्यातून काही जण श्रीमंत झाले, परंतु बहुतेकांना रात्री उशिरापर्यंतची, कमी पगाराची नोकरीच मिळाली.

आकड्यांकडे वळताना एक सावधगिरी बाळगावी लागते. ब्रिटनच्या अधिकृत आकडेवारीत ‘भारतीय’ या रकान्यात पूर्व आफ्रिकेतून आलेले आणि भारतातून थेट गेलेले एकत्र मोजले जातात. १९९४ च्या चौथ्या राष्ट्रीय वांशिक अल्पसंख्याक सर्वेक्षणात आफ्रिकेतून आलेल्या आशियाईंची स्वतंत्र नोंद झाली. ते गोऱ्यांच्या जवळपास बरोबरीला पोहोचले होते, तर पाकिस्तानी आणि बांगलादेशी फार मागे होते. २०१८ मध्ये तासाचे मध्यम वेतन भारतीय वंशाच्या कामगारांना १३.४७ पौंड, गोऱ्या ब्रिटिशांना १२.०३ पौंड आणि बांगलादेशी वंशाच्यांना ९.६० पौंड मिळत होते.

परंतु पुढच्या पिढीची गोष्ट निराळी आहे. १९९७ मध्ये टॉवर हॅम्लेट्सच्या शाळा इंग्लंडच्या १४९ शिक्षण प्राधिकरणांत शेवटच्या, म्हणजे १४९ व्या, क्रमांकावर होत्या. दीड दशकात, चांगले मुख्याध्यापक, वाढीव निधी आणि पालकांचा आग्रह यांच्या बळावर, त्या शाळांचे निकाल राष्ट्रीय सरासरीच्या वर गेले, आणि बांगलादेशी वंशाच्या मुलांनी शालान्त परीक्षेत गोऱ्या ब्रिटिश मुलांना मागे टाकले. त्याच भागातून २०१० मध्ये सिल्हेटमध्ये जन्मलेल्या रुशनारा अली संसदेवर निवडून गेल्या. व्यापाराचे रक्त, अभ्यासाचे रक्त, अशी भाषा करणाऱ्यांनी या दीड दशकाचे उत्तर द्यावे. पंधरा वर्षांत कोणाचे रक्त बदलत नाही, शाळा मात्र बदलता येते.

संपत्तीचे अंतर मात्र वेतनाच्या अंतराइतक्या लवकर मिटत नाही, आणि याचे कारणही पुन्हा कोठे उतरले याच्यातच आहे. बेलग्रेव्हमध्ये १९७० च्या दशकात स्वस्तात घेतलेले घर आज नातवंडांकडे वारसा म्हणून येते किंवा त्यांच्या पहिल्या घराच्या अनामतीला उपयोगी पडते. टॉवर हॅम्लेट्समधल्या आजोबांकडे परिषदेचे भाड्याचे घर होते, आणि जुन्या गोद्यांच्या जागी कॅनरी व्हार्फ या बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या वसाहतीचे मनोरे उभे राहिल्यानंतर त्या परिसरातल्या घरांच्या किमती इतक्या वाढल्या आहेत की बँकेत चांगल्या पदावर काम करणाऱ्या त्यांच्या पदवीधर नातीलाही आपल्या आईच्या जवळ घर घेणे परवडत नाही. ती आता शहराबाहेर एसेक्सच्या बाजूला घर पाहते.