सॉफ्टवेअरला भिंत कळते, आजी कळत नाही

(दोन विजेची बिलं कॅमेऱ्यासमोर धरून)

धुळ्यातली ही दोन बिलं, दोन्ही मे महिन्याची. रो-हाऊसच्या एकाच रांगेतली शेजारशेजारची घरं. नकाशा तोच, विटा त्याच, स्लॅबही तोच. तरी या घराचं बिल त्या घराच्या दुपटीहून जास्त.

नमस्कार मंडळी. इमारतीला वीज किती लागेल याचा अंदाज काढणं, हा माझा धंदा. 'एनर्जीप्लस'सारख्या सॉफ्टवेअरला आपण भिंतीची जाडी देतो, खिडकीची काच देतो, वर्षभराचं तासातासाचं हवामान देतो. इथवर सगळं मोजूनमापून. मग ते विचारतं, माणसं घरात कधी असतात? एसी कितीवर? आणि आपण बिनधास्त ठोकून देतो: रात्री 10 ते सकाळी 6, प्रत्येक बेडरूममध्ये, 24 अंश, खिडक्या बंद.

आता मे महिन्यातलं आपलं खान्देशी घर आठवा. एसी एकाच खोलीत, आणि तिथेच गाद्या टाकून सगळं घर आडवं. आजी तेवढी गच्चीवर. "माले एसीमा झोप नही लागत." निवांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट उष्णता सोडतो, झोपलेला थोडी कमी. मॉडेलमध्ये त्या खोलीत दोन माणसं, प्रत्यक्षात पाच. बरं, रात्री 2 वाजता कुणीतरी उठून एसी बंद करतं, पंखा लावतं. हे वेळापत्रकात कोण लिहिणार?

सगळ्यात गंमत खिडकीची. आपली उन्हाळी हवा कोरडी, म्हणून कूलर झकास चालतो. पण त्याला खिडकी उघडी लागते, नाहीतर खोलीत दमट कोंडतं. एसीला तीच खिडकी बंद हवी. पहिला पाऊस पडला की कूलर नुसता चिकचिक करतो, मग तोच माणूस एसीकडे वळतो. 200 वॅटचा कूलर 8 तासांत 1.6 युनिट खातो. दीड टनाचा एसी तासाला सरासरी 1 युनिट धरला, तरी 8.

हे काही धुळ्याचंच नवल नाही. 1970 च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत एकसारखी घरं तपासली. तिथे थंडीतल्या हीटिंगचा प्रश्न, पण खर्चात तशीच दुपटीची तफावत. घरात नवं कुटुंब आलं की त्याच भिंतींचा आकडा बदलायचा.

आणि ही दोन बिलं? कमी बिलाच्या घरात कूलर आणि गच्ची. जास्त बिलाच्या घरात पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणारा मुलगा, वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, दिवसभर एसी 18 वर. दोन्ही घरांना मी एकच आकडा दिला होता. मालक बिल घेऊन दारात आले तेव्हा चहा पाजण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं!

आता मी त्याच नकाशावर तीन कुटुंबं चालवतो: कूलरवालं, एका एसीचं आणि दिवसभर घरी असणारं. मग सांगतो, बिल अमुकपासून तमुकपर्यंत येईल. आर्किटेक्ट वैतागतात, त्यांना एकच आकडा हवा असतो.

तुमच्या घरात रात्री 2 ला एसी कोण बंद करतं, ते खाली लिहा. माझ्याकडे आई.