शेगडीपुढचा राजा

श्रोतेहो, नमस्कार.

कोळशाची शेगडी आठवते ना? वर जाळी, खाली राख, आणि वारा घालायला जुन्या वहीचा पुठ्ठा. नगरला आजीच्या घरी अशी एक लोखंडी शेगडी होती. डिसेंबरच्या थंडीत तिच्याभोवती आम्ही नातवंडं बसलो, की आजी गोष्ट सांगायची. दर वर्षी तीच. एक राजा होता, तो असाच शेगडीपुढे शेकत बसला होता, आणि देवाचं पत्र आलं तसं तुकडे करून जाळत होता. 'पत्र' हा आजीचा शब्द. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आहे ती गुंडाळी, यिर्मया संदेष्ट्याची.

सध्या उपवासकाळ चालू आहे, म्हणून देवाचे इशारे आणि राष्ट्राचा पश्चात्ताप यावर बोला, असं मला सांगण्यात आलं. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा, म्हणून मी शेगडीपाशीच बसून बोलणार आहे. त्याआधी एकच गोष्ट सांगतो, ती लक्षात असू द्या. संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे. संदेष्टा म्हणजे संदेश आणणारा. अमुक तारखेला जग बुडणार, असे निरोप फोनवर पुढे ढकलणारे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. तारीख उलटते, जग तिथंच असतं, आणि निरोप ढकलणारा पुढच्या तारखेच्या तयारीला लागतो. ज्योतिषाचं बोलणं खरं ठरलं की त्याचा मान वाढतो. संदेष्ट्याचं उलट आहे. त्याचं बोलणं खोटं ठरावं, हीच त्याला पाठवणाऱ्याची इच्छा असते.

हे मी मनचं सांगत नाही. यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय काढा. देव म्हणतो, गुंडाळी घे, आजवर जे जे तुला सांगितलं ते तिच्यात लिही. का? तर कदाचित यहूदाचं घराणं ऐकेल, कदाचित जो तो आपल्या वाईट मार्गापासून वळेल, म्हणजे मला त्यांना क्षमा करता येईल. श्रोतेहो, 'कदाचित'. देवाच्या तोंडी 'कदाचित'! ज्याला सगळं ठाऊक, तो 'कदाचित' म्हणतो. आजी इथं थांबायची. आम्हाला वाटायचं, पुढचं विसरली.

तर गोष्ट अशी. इसवी सनापूर्वी ६०५ च्या सुमाराला यहूदाच्या राजधानीत, यरुशलेमात, यहोयाकीम राज्य करत होता. यिर्मयाला बोलायला लागून तेवीस वर्षं झाली होती. तेवीस वर्षं एकच माणूस एकच गोष्ट सांगतोय, आणि आता तर त्याला मंदिरात पाऊल टाकायची बंदी. मग त्याने बारूखला बोलावलं. बारूख लेखक होता. यिर्मया तोंडी सांगत गेला आणि बारूख शाईनं लिहीत गेला. मग यिर्मया म्हणाला, मला जाता येत नाही, तू जा. उपवासाच्या दिवशी जा, तेव्हा गावोगावचे लोक मंदिरात येतात.

उपवासाचा दिवस ध्यानात ठेवा. नवव्या महिन्यात सगळ्या लोकांसाठी उपवास पुकारला होता. का, ते शास्त्र सांगत नाही. पण बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, मातीच्या पाट्यांवर त्याच सुमाराची नोंद सापडली आहे: तिथल्या नबुखद्नेस्सर राजानं अष्कलोन शहर घेतलं आणि त्याचा ढिगारा केला. अष्कलोन यरुशलेमपासून साठेक किलोमीटरवर. धूर दिसला नसेल, पण बातमी नक्की पोहोचली असणार. म्हणजे राष्ट्र उपाशी बसलं होतं, प्रार्थना करत होतं, सरकारी इतमामाने पश्चात्ताप चालला होता. उपवासाचा दिवस, श्रोतेहो. ही सगळी गोष्ट उपवासाच्या दिवशी घडते.

त्या एका दिवसात ती गुंडाळी तीनदा वाचली गेली.

पहिल्यांदा बारूखने मंदिराच्या वरच्या अंगणात, शाफानचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीतून लोकांना वाचून दाखवली. लोकांनी काय केलं? शास्त्र गप्प आहे. इतकी माणसं, इतकं मोठं वाचन, आणि कुणी रडलं की जांभई दिली, एक अक्षर नाही. फक्त गमऱ्याचा मुलगा मीखाया उठला आणि थेट राजवाड्यात गेला. तिथं चिटणिसाच्या खोलीत सरदार बसले होते. जे ऐकलं ते त्याने त्यांना सांगितलं.

(इथं एक बोलून घेतो. रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचनाला उभे राहणारे आपले भाऊबहीण घरून एकदाही वाचून येत नाहीत. नावांवर अडखळतात, विरामचिन्हं गिळतात आणि एक्स्प्रेस गाडीसारखे स्टेशनं सोडत जातात. बारूख असा वाचत असता, तर मीखाया जागचा हलला नसता.)

दुसऱ्यांदा वाचन झालं सरदारांपुढे. त्यांनी बारूखला बोलावून घेतलं आणि म्हणाले, बस, आम्हाला वाचून दाखव. ऐकता ऐकता ते घाबरून एकमेकांकडे पाहू लागले. मग प्रश्न केला तो अस्सल कचेरीतला: हे तू लिहिलंस कसं? बारूख म्हणाला, तो सांगत गेला, मी शाईनं लिहीत गेलो. मग सरदार म्हणाले, राजाला सांगावंच लागेल. पण तू आणि यिर्मया लपून बसा, कुठं आहात ते कुणाला कळू देऊ नका. मला हे सरदार फार ओळखीचे वाटतात. माणसं वाईट नाहीत. काय खरं आहे ते त्यांना कळलंय. राजाला कळवायचं धाडस आहे आणि संदेष्ट्याला वाचवायची माणुसकीही आहे. गुंडाळी मात्र त्यांनी चिटणिसाच्या खोलीत ठेवली आणि हात हलवत राजाकडे गेले.

आणि तिसऱ्यांदा. आता आली शेगडी.

राजा हिवाळी महालात बसलाय. पुढे शेगडी पेटलेली. हा महालही कसा, तर यिर्मयानंच सांगितलंय: गंधसरूची तक्तपोशी, शेंदरी रंग, मोठमोठ्या खिडक्या, आणि मजुरांची मजुरी बुडवलेली. राजाने यहूदी नावाच्या माणसाला गुंडाळी आणायला पाठवलं. यहूदी वाचू लागला. तीन-चार रकाने वाचून झाले, की लेखकाच्या चाकूनं तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू, पुन्हा शेगडी. आजी हे सांगताना पुठ्ठ्यानं एक वारा घालायची. कोळसा फुलायचा. आम्ही मागे सरकायचो.

राजाने एकदम उचलून सगळी गुंडाळी फेकली असती, तर म्हटलं असतं, संतापला बिचारा. पण नाही. तो ऐकत होता. एकेक शब्द ऐकत होता आणि ऐकलेला शब्द जाळत होता. तीन-चार रकाने, मग शेगडी. ऐकायचं, मग जाळायचं. तिघांनी विनवलं, महाराज, जाळू नका. एलनाथान, दलाया आणि गमऱ्या, ज्याच्या खोलीत सकाळी वाचन झालं तोच. राजाने ऐकलं नाही. आणि शास्त्र म्हणतं, राजा किंवा त्याचे सेवक भ्याले नाहीत, त्यांनी आपली वस्त्रंही फाडली नाहीत.

वस्त्रं फाडणं ही त्या लोकांत शोकाची आणि पश्चात्तापाची खूण. ती फाडली नाहीत हे मुद्दाम का लिहिलं? कारण अठराएक वर्षांपूर्वी हेच दृश्य याच राजघराण्यात घडलं होतं. यहोयाकीमचा बाप योशीया सिंहासनावर होता. मंदिराच्या दुरुस्तीत नियमशास्त्राचं पुस्तक सापडलं. ते राजाला वाचून दाखवलं शाफाननं, म्हणजे गमऱ्याच्या बापानं. योशीयानं ऐकलं आणि अंगावरची वस्त्रं फाडली. मग हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे माणसं पाठवली. हो, बाईकडे. मंडळीत बाईनं उपदेश करावा की नाही यावर अजून वाद घालणाऱ्यांनी हे पान एकदा वाचावं. तर बापापुढे बापानं वाचलं, तेव्हा राजाची वस्त्रं फाटली. मुलापुढे मुलगा विनवत राहिला, तेव्हा गुंडाळी फाटली.

हिब्रूत वाचणं आणि फाडणं हे शब्द कानाला जवळजवळ एकच लागतात. 'कारा' आणि 'कारा', फरक घशातल्या एका अक्षराचा. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. आजच्या तरुण पाळकांना गिटार येते, हिब्रूची मुळाक्षरं येत नाहीत. असो.

राजाने बारूख आणि यिर्मयाला पकडायचा हुकूम सोडला, पण ते सापडले नाहीत. आणि यिर्मयानं काय केलं? दुसरी गुंडाळी घेतली. पुन्हा तोंडी सांगितलं, बारूखने पुन्हा लिहिलं. जळालेलं सगळं आलं, आणि शास्त्र म्हणतं, त्यात तशाच आणखी पुष्कळ गोष्टींची भर पडली.

आजीची गोष्ट इथं संपायची. माझी संपत नाही, कारण आजीला ठाऊक नव्हतं ते मला पुढे वाचायला मिळालं. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये, काही अभ्यासक ५८७ म्हणतात, बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं. राजवाडा गेला, मंदिर गेलं, दप्तरं गेली. मग १९८२ साली यिगाल शिलो या पुरातत्त्वज्ञाला यरुशलेमच्या जुन्या भागात, दावीदनगराच्या उतारावर, त्याच आगीच्या थरात, एका घरात पन्नासेक मातीचे ठसे सापडले. कागदपत्रं दोऱ्यानं बांधून वर ओल्या मातीची गोळी दाबायची आणि तिच्यावर मुद्रा उठवायची, तसले. कागद, म्हणजे पपायरस, जळून गेले. माती मात्र त्या आगीत भाजली. कुंभाराच्या भट्टीतल्या मडक्यासारखी पक्की झाली, म्हणून टिकली. त्यातल्या एका ठशावर नाव आहे, 'शाफानचा मुलगा गमऱ्याहू'. तोच गमऱ्या का? शपथ घेऊन कुणी सांगू शकत नाही. पण नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव आणि काळही तोच. ज्याने म्हटलं 'जाळू नका', त्याचं नाव आगीनं पक्कं केलं.

आता वेळ उरला थोडा आणि राष्ट्राचा पश्चात्ताप तसाच राहिला. भराभर सांगतो.

उपवास तर यहोयाकीमच्या राज्यातही होता, ते आपण पाहिलं. मग खरा पश्चात्ताप ओळखायचा कसा? यिर्मयाच्याच चौतिसाव्या अध्यायात याचा उलटा धडा आहे. बाबेलचा वेढा पडला, तेव्हा सिद्कीया राजाने आणि लोकांनी देवापुढे करार करून आपले हिब्रू गुलाम मोकळे केले. काही दिवसांनी वेढा जरा उठला. लगेच त्याच माणसांना धरून आणून पुन्हा गुलाम केलं. पश्चात्ताप वेढ्याइतकाच टिकला. हिब्रूत पश्चात्तापाला 'वळणे' म्हणतात, आणि गंमत पाहा, इथं लोक दोनदा वळले आणि दोन्हींना शब्द तोच.

याच्या समोर निनवे ठेवा, परक्यांचं शहर. योना संदेष्टा नाखुशीनं तिथं गेला आणि म्हणाला, चाळीस दिवसांत निनवे उलथून पडेल. राजा सिंहासनावरून उतरला, राखेत बसला, आणि म्हणाला, प्रत्येकानं आपल्या हातचा जुलूम सोडावा, कोण जाणे, देव वळेल. देव म्हणतो 'कदाचित', परका राजा म्हणतो 'कोण जाणे'. दोघांचा सूर जुळला आणि शहर वाचलं. योना मात्र रुसला, आपलं भाकीत खोटं ठरलं म्हणून. मघाशी तारखा सांगणाऱ्यांविषयी बोललो, ते सगळे योनाच्या गोत्रातले.

आपल्या जवळच्या काळातलं एक उदाहरण. १९ ऑक्टोबर १९४५ रोजी जर्मनीच्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या पुढाऱ्यांनी श्टुटगार्टमध्ये लेखी कबुली दिली, की हिटलरच्या राजवटीत आम्ही अधिक धैर्यानं साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेनं प्रार्थना केली नाही, अधिक जळत्या प्रेमानं प्रेम केलं नाही. मार्टिन नीमोलर हे पाळक त्यात होते, आणि ते जवळजवळ आठ वर्षं तुरुंगात आणि छळछावण्यांत काढून आलेले. जर्मनीत त्या कबुलीवर पुष्कळांनी आगपाखड केली. आम्हीच का, बाकीच्यांनी काही केलं नाही का, असं. आणि त्या कबुलीत ज्यू हा शब्दच नाही. म्हणजे गुंडाळी वाचली, पण काही रकाने राहिलेच. त्याच देशात नोव्हेंबरमधल्या एका बुधवारी पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस असतो. त्याची सार्वजनिक सुट्टी १९९५ पासून सॅक्सनी सोडून सगळीकडे बंद झाली, वृद्ध आणि आजारी माणसांच्या शुश्रूषेच्या विम्याला पैसा लागतो म्हणून. मला यावर रागावावं की हसावं कळत नाही. यिर्मया कदाचित म्हणाला असता, सुट्टी घ्या, म्हाताऱ्यांना सांभाळा.

वेळ संपत आल्याची खूण समोरच्या काचेतून होते आहे. एकच सांगायचं राहिलं. आजीला मी एकदा विचारलं होतं, चाकू कुणाचा गं? ती म्हणाली, लेखकाचा. लेखणी तासायचा. मी म्हटलं, मग त्याने राजाला दिलाच कशाला? आजीनं पुठ्ठा खाली ठेवला, शेगडीतली राख चिमट्यानं सारखी केली, आणि म्हणाली, ते लिहिलेलं नाही. नमस्कार.