शेवटचे काही मिलिग्रॅम

श्रोतेहो, नमस्कार.

डॉक्टरांच्या सल्ल्याने डिप्रेशनच्या गोळ्या कमी करायला घेतल्या. दोन-तीन दिवस बरे गेले आणि मग उठलं की चक्कर, मळमळ, रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं, कारण नसताना रडू. नजर पटकन बाजूला वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. आजार परत आला, अशी इथेच पुष्कळांची खात्री पटते. बहुतेक वेळा ती खात्री चुकीची असते.

आजार उलटतो तो सहसा आठवड्यांनी, महिन्यांनी, हळूहळू: रस वाटेनासा होतो, जुनीच निराशा पुन्हा मूळ धरते. डोस कमी केल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो, आणि चक्कर, झटके, झिणझिण्या असं शरीराचं काहीतरी त्यात असतं, जे मूळ आजारात नव्हतं. आधीचा डोस पुन्हा घेतला तर हा त्रास बहुधा दोन-चार दिवसांत ओसरतो. आजार इतक्या लवकर हटत नाही.

औषध महिनोन्‌महिने घेतल्यावर मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. ते शरीरातून निघून जातं भराभर, मेंदू मात्र सावकाश सावरतो. म्हणून कोणती गोळी आहे याला फार महत्त्व. पॅरोक्सेटीन साधारण 21 तासांत निम्मं होतं, व्हेन्लाफॅक्सिन तर 5 तासांच्या आसपास. ही दोन्ही सोडताना जास्त छळतात. फ्लुओक्सेटीन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक आठवडेच्या आठवडे रेंगाळतात, त्यामुळे त्याचा त्रास सौम्य, पण कधीकधी उशिरा येतो. याला व्यसन मात्र म्हणू नका. गोळीची तल्लफ येत नाही.

आता गणित, कारण घोळ होतो तो इथेच. सिटालोप्रॅम या डिप्रेशनच्या गोळीचं उदाहरण घेऊ. मेंदूत सेरोटोनिन हे रसायन परत शोषून घेणाऱ्या ज्या जागा असतात, त्यांपैकी सुमारे 80 टक्के जागा 20 मिलिग्रॅमला अडवल्या जातात. डोस तिप्पट करून 60 केला, तर जेमतेम 88 टक्के. उलट खाली येताना 9 मिलिग्रॅमला 70 टक्के, साडेतीनच्या आसपास 50, आणि दीड मिलिग्रॅमलाही 30 टक्के. म्हणजे 60 वरून 20 वर येणं मेंदूला फारसं जाणवत नाही. 5 वरून एकदम शून्यावर येणं म्हणजे कड्यावरून उडी. दहाची गोळी, मग अर्धी, मग बंद, ही सरधोपट पद्धत त्यामुळेच शेवटच्या पायरीला फसते. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी 2019 साली ही गोष्ट नीट मांडली.

तेव्हा प्रत्येक कपात चालू डोसच्या प्रमाणात करायची, मूळ डोसच्या नव्हे. काही महिनेच औषध घेतलेल्यांना दर वेळी निम्मा डोस करणं झेपू शकतं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी, किंवा पूर्वी त्रास झालेल्यांनी, चालू डोसच्या 10 ते 25 टक्क्यांहून जास्त कमी करू नये. दोन पायऱ्यांमध्ये दोन ते चार आठवडे जाऊ द्यावेत; आधीचा त्रास निवल्याशिवाय पुढची पायरी नको. याला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. लागू देत.

इतका लहान डोस गोळी मोडून जमत नाही. आपल्या औषधाचं द्रवरूप मिळत असेल तर डॉक्टरांकडून तेच लिहून घ्या आणि सुई नसलेल्या 1 मिलिलिटरच्या सिरिंजने मोजा. बाटलीवर एका मिलिलिटरला किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचल्याशिवाय सिरिंज भरू नका. दहापट चूक होते ती इथेच. ‘एक्सआर’, ‘सीआर’ असं लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्या कुटू नका, कारण दिवसभराचं औषध एकदम सुटतं. ड्युलोक्सेटीन या डिप्रेशनवरच्याच औषधाच्या कॅप्सूलमधले दाणेही ठेचायचे नाहीत. त्यांच्यावरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवतं.

आणि ‘एक दिवसाआड घ्या’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पॅरोक्सेटीन 48 तासांत जवळजवळ एक पंचमांशावर येतं, म्हणजे दर दोन दिवसांनी आपणच लहानसा झटका ओढवून घेतो. फ्लुओक्सेटीनचा तेवढा अपवाद.

रोज रात्री वहीत तारीख, डोस, झोपेचे तास आणि त्रासाला शून्य ते दहापैकी एक आकडा लिहा. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा ही वही जास्त सांगते. त्रास पाच-सहाच्या आत असेल तर तिथेच थांबून वाट पाहावी. सोसवत नसेल तर डॉक्टरांना विचारून शेवटच्या सुसह्य डोसवर परत जावं, थेट मूळ डोसवर नाही, आणि पुढची कपात निम्मी करावी.

मधल्या दिवसांत अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर बसा. चक्कर आहे तोवर गाडी चालवू नका. झोप उडाली असेल तर गोळीची वेळ सकाळी आणता येईल का, हे विचारून घ्या. डोकेदुखीवर आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्यांबरोबर ते घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दारू टाळलेलीच बरी. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, की काही दिवस चिडचिड होईल, मनावर घेऊ नका. हे सांगायला संकोच वाटतो, पण याचा उपयोग होतो.

काही बाबतींत मात्र वाट पाहायची नाही. जीव द्यावासा वाटणं, जागेवर बसवतच नाही अशी भयंकर तगमग, झोपेशिवायही अंगात उधाण आल्यासारखा उत्साह, फिट येणं: यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नाहीतर इस्पितळाचा तातडीचा विभाग. रुग्णाला स्वतःला हे कळेलच असं नाही, म्हणून ही चार लक्षणं घरातल्या एकाला तरी पाठ असू द्या.