पहिलं पाकीट

नमस्कार श्रोतेहो. आज मी बोलणार आहे ते विशेषतः इंटर्नशिप करणाऱ्या, नीट-पीजीच्या तयारीला लागलेल्या मुलामुलींशी. विषय आहे कटचा, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणाऱ्या कमिशनचा.

तालुक्याच्या गावी मी दवाखाना टाकला, त्याला दोन-तीन महिने झाले होते. एका बाईंना स्कॅनसाठी शहरात पाठवलं. आठवड्यानं त्या सेंटरचा माणूस आला, चहा प्यायला आणि जाताना टेबलावर पांढरं पाकीट ठेवून गेला. पाकिटावर पेन्सिलीनं त्या बाईंचं नाव आणि स्कॅनची तारीख. स्कॅनसाठी त्यांनी दारातली शेळी विकली होती, हे मला माहीत होतं. पाकीट मी परत केलं, पण दुसऱ्या दिवशी. रात्रभर ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, कारण पाच तारखेला कर्जाचा हप्ता होता.

कमिशन घ्यायचं नाही, हे डॉक्टरांच्या 2002च्या आचारसंहितेतच आहे. 2019पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात नीतिमत्ता शिकवतात, चर्चा होतात. वर्गात सगळेच बरोबर उत्तर देतात. तिथं कुणाच्या डोक्यावर हप्ता नसतो.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम जरूर वाचा. नागपूरला शिकलेला हा डॉक्टर 1976मध्ये रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. लाल विंचू चावला की तिथली धडधाकट पोरं फुप्फुसात पाणी भरून दगावायची. बावस्करांनी खाटेजवळ बसून नोंदी ठेवल्या, पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन देऊन पाहिलं. पोरं वाचू लागली. ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. ज्या पोस्टिंगला आपण ‘वर्ष वाया गेलं’ म्हणतो, तिथं हे झालं! याच डॉक्टरांना पुढे एका तपासणी केंद्राकडून पेशंट पाठवल्याबद्दल 1200 रुपयांचा चेक आला. त्यांनी थेट वैद्यक परिषदेकडे तक्रार केली.

म्हणून सांगतो, ब्रँच निवडताना, मशीन घेताना, जागा बघताना कागदावर आधी हप्ता लिहा. तो निव्वळ तपासणी फीमधून फिटेल का, हे आईवडिलांना समोर बसवून मोजा. फिटत नसेल तर मशीन लहान घ्या, दोन वर्षं नोकरी करा. पाकीट नाकारायची ताकद त्या हिशेबातून येते, माझा तरी तोच अनुभव आहे.

आता मी तपासणीच्या चिठ्ठीवरच लिहितो, ‘माझं कमिशन पेशंटच्या बिलातून वजा करावं.’ बिल खरंच कमी होतं. पेशंट पावती आणून दाखवतात.