बर्च स्ट्रीटवरचा संसार

श्रोतेहो, नमस्कार. डग ब्लॉक या अमेरिकी दिग्दर्शकाने स्वतःच्याच आईवडिलांच्या संसारावर केलेल्या '५१ बर्च स्ट्रीट' या स्वतंत्र माहितीपटाविषयी आज बोलायचे आहे. न्यूयॉर्कजवळ, लाँग आयलंडवरील पोर्ट वॉशिंग्टन येथल्या त्यांच्या घराचा हा पत्ता. २००५ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतील चित्रपटगृहांत आलेल्या या चित्रपटाला समीक्षकांनी त्या वर्षीच्या उत्तम चित्रपटांत स्थान दिले.

५४ वर्षांच्या संसारानंतर आई न्यूमोनियाने अचानक गेली आणि तीनच महिन्यांनी वडिलांनी मुलाला कळवले की, अनेक वर्षांपूर्वी आपली सेक्रेटरी असलेल्या स्त्रीबरोबर आपण फ्लोरिडात राहायला जात आहोत. मुलाच्या मनात वडिलांविषयी संशय आला, तो स्वाभाविकच होता. मात्र घर विकण्यासाठी सामानाची आवराआवर सुरू झाली, तेव्हा खोकी भरून आईच्या रोजनिश्या निघाल्या आणि शोधाची दिशाच पालटली. लग्नातले असमाधान, मानसोपचारतज्ज्ञाकडे घेतलेले उपचार, त्या तज्ज्ञाविषयी वाटलेली ओढ, हे सारे तिने वर्षानुवर्षे लिहून ठेवले होते.

चित्रपटाच्या यशाचे मर्म मला इथे दिसते. आईच्या खासगी रोजनिश्या वाचण्याचा मुलाला अधिकार आहे का, हा प्रश्न ब्लॉक टाळत नाहीत. हा प्रश्न ते आईच्या जिवलग मैत्रिणीपुढे मांडतात आणि स्वतःची घालमेल प्रेक्षकांपासून लपवत नाहीत. म्हणूनच पुढे उलगडणारी गुपिते चव्हाट्यावर मांडल्यासारखी वाटत नाहीत. त्याहून मोलाचे आहे ते वडिलांचे बोलणे. आयुष्यभर अबोल राहिलेला हा गृहस्थ, आईची उणीव भासते का असे विचारल्यावर, फारशी भासत नाही असे शांतपणे सांगतो. आमचे नाते व्यवहारापुरते नीट चालले, त्यात प्रेम नव्हते, अशी पुस्तीही तो जोडतो. कोणत्याही मुलाला हे ऐकणे जड जावे. तरीही कॅमेरा वडिलांना दोषी ठरवत नाही, आणि आईला आदर्श गृहिणीच्या चौकटीत परत बसवतही नाही. मला तर ही निःपक्षपाती माया कोणत्याही पुरस्काराहून मोठी वाटते.

ब्लॉक पोटासाठी लग्नसमारंभांचे चित्रीकरण करीत असत. पुढे २०१४ मध्ये '११२ वेडिंग्ज' हा माहितीपट करताना, पूर्वी ज्यांची लग्ने चित्रित केली होती त्यांतल्या काही जोडप्यांकडे ते पुन्हा गेले आणि तुमचा संसार कसा चालला आहे, हे त्यांना विचारू लागले.